गाडी कोणाच्या नावावर

परदेशात गाडी भाड्याने घेण्याआधी माणसाला काय काय ठाऊक असावं, हे कुणाला जाणून घ्यायचं असेल तर त्याने आमच्या ह्यांच्यासमोर येऊन बसावं. चहा मी देईन. दोन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. टाकी भरून परत द्यायची की रिकामी चालते, काचेला तडा गेला तर विमा कंपनी पैसे देते की हात वर करते, गाडी परत करताना ऑफिस बंद असेल तर किल्ली कुठे टाकायची, अनामत म्हणून कार्डावर रक्कम किती दिवस अडकवून ठेवतात. विमानात माझ्या पलीकडे एक परदेशी बाई बसल्या होत्या. त्यांना मराठीतलं अक्षर कळत नव्हतं, तरी शेवटी त्यांनीही कानात बोळे घातले.

हे पेशाने सर्व्हेअर. विमा कंपन्यांसाठी अपघातात चेपलेल्या गाड्या तपासायच्या आणि नुकसान किती ते लिहून द्यायचं, यात ह्यांचं उभं आयुष्य गेलं. शोरूममधली कोरी करकरीत गाडी बघितली तरी ह्यांना ती कुठे आदळेल हेच आधी दिसतं. त्यामुळे स्वतः स्टिअरिंगला कधी हात लावला नाही. कुणी विचारलं तर "मी फार बघितलंय" एवढंच म्हणतात. गाडी मी चालवते. औषध कंपनीत माझी फिरतीची नोकरी होती. घाट म्हणू नका, चिखल म्हणू नका, सगळं पालथं घातलं. हे शेजारी बसतात, एका हाताने वरची कडी धरतात आणि पायाने नसलेला ब्रेक दाबत राहतात. थोडक्यात, आमच्या संसारात वाटणी सरळ आहे. गाडी माझी, कागद ह्यांचे. विजेच्या मीटरपासून गॅसच्या पुस्तकापर्यंत सगळीकडे ह्यांचं नाव, आणि मला त्याचं कधी काही वाटलं नाही.

आता ही परदेशवारी कशासाठी, ते सांगते. आमची एकुलती एक मुलगी तिकडे राहते. बाहेरचं नाव भारदस्त आहे, घरात ती ठकू. तिकडेच पुढचं शिकली, पुलांचे आराखडे करणाऱ्या मोठ्या कंपनीत लागली, आणि ह्यांनी ते नात्यागोत्यात इतक्यांदा सांगितलं की लोक ह्यांना बघून रस्ता बदलायला लागले. मग एक दिवस ठकूचा फोन आला. नोकरी सोडून ती सुतारकाम शिकत होती. शिकत होती म्हणजे एका वयस्कर बाईच्या हाताखाली टेबलं, कपाटं, खुर्च्या करत होती, आणि त्यात खूश होती. हे म्हणाले, "मग एवढं शिकलीस कशाला? लोकांनी विचारलं तर मी काय सांगू?"

"काही सांगू नका," ठकू म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर वर्षभर बाप-लेकीत शब्द नाही. ठकू माझ्याशी बोलायची. फोन वाजला की हे झारी उचलून गच्चीत जायचे, कुंड्यांना पाणी घालायला. एरवी ह्यांना तुळस आणि कोथिंबीर यातला फरक कळत नाही. माझी दोन झाडं मुळापासून कुजली. एकदा मी ओरडले, "अहो, त्या बिचाऱ्या जास्वंदीने तुमचं काय घोडं मारलंय?" तर म्हणाले, ऊन फार आहे. ढग भरून आले होते.

मग ठकूने स्वतःचा कारखाना काढायचं ठरवलं. उद्घाटनाचा रविवार ठरला, संध्याकाळी पाचची वेळ. "बाबांना सांग, जमलं तर या." मी निरोप दिला. हे म्हणाले, "बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. ठकूला हे लहानपणापासून पाठ आहे. सहलीला जाऊ? बघू. सायकल घेऊ? बघू. मी तिला खरं ते सांगितलं, बाबा बघू म्हणालेत. "कळलं," ती म्हणाली, आणि तो आवाज ऐकून मला ह्यांचा असा राग आला की दोन दिवस मी भाजीत मीठ घालताना हात आखडला नाही. तिसऱ्या दिवशी बघते तर हे सकाळी सकाळी कॉम्प्युटरसमोर. विमानाची तिकिटं काढलेली. "तिला बोलू नकोस," म्हणाले. "विमानतळावरून आपली आपण गाडी घ्यायची आणि थेट तिच्या दारात उतरायचं."

मला कळलं. माफी मागायची ह्यांना सवय नाही, म्हणून माफीच्या जागी गाडी घेऊन जायचं होतं. माणूस असाही लेकीवर जीव टाकतो, दोन महिने विम्याची कलमं वाचून. मी इतकी खूश झाले की आठवडाभर भांडले नाही.

तिकडे रस्त्याच्या उलट्या बाजूने चालवतात. त्याचा सराव ह्यांनी दिवाणखान्यात घेतला. जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या मांडल्या, मला डावीकडे बसवलं, हातात स्टीलचं ताट दिलं आणि स्वतः उजवीकडे बसून सूचना. "चौक आला. आता आधी कुठे बघशील? डावीकडे! अगं, डावीकडे!" मी ताट वळवतेय, हे तोंडाने हॉर्न वाजवतायत, आणि कामाच्या मावशी बादली घेऊन उभ्या. "वहिनी, गाडी जरा बाजूला घ्या, मला फरशी पुसायचीय."

तर असे आम्ही तयारीचे गडी त्या रविवारी सकाळी विमानतळावर उतरलो. गाड्यांचे काउंटर एका लांब दालनात ओळीने मांडलेले होते. आमच्या काउंटरवर ठकूच्या वयाची एक मुलगी होती, हसरी, केस वर बांधलेले. हे छाती काढून पुढे झाले. आपलं इंग्रजी चांगलं आहे याचा ह्यांना अभिमान आहे. बुकिंगचा कागद दिला, कार्ड दिलं, पासपोर्ट दिले. मुलीने विचारलं, लायसन्स? ह्यांनी माझं लायसन्स ठेवलं, त्यावर परदेशात चालवायचा परवाना ठेवला, आणि दोन्ही कागद बोटाने सरळ केले.

मुलीने फोटोकडे बघितलं. फोटोत अंबाडा घातलेली मी. मग ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचं टक्कल.

"हे तुमचं नाही," ती म्हणाली.

"माझ्या पत्नीचं. गाडी ती चालवणार."

"पण बुकिंगवर मुख्य चालक म्हणून तुमचं नाव आहे."

हे म्हणाले, "हो. मुख्य म्हणून मीच."

तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ह्या माणसाने फॉर्म भरताना 'मुख्य' हा शब्द वाचला आणि पुढचा वाचलाच नाही. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख, सोसायटीच्या कागदावर मुख्य सभासद, तसाच इथे मुख्य चालक. जन्मात गाडी न चालवलेला मुख्य चालक! टायर फुटला तर काय, हरणाने धडक दिली तर काय, सगळं तोंडपाठ, आणि गाडी कोण चालवणार एवढाच तपशील राहिला.

मी म्हटलं, मग माझं नाव लिहा, त्यात काय मोठंसं. मुलीने मान हलवली. मी मुख्य चालक व्हायचं तर क्रेडिट कार्ड माझ्या नावाचं हवं. माझ्याकडे बँकेचं साधं कार्ड. ते इथे चालत नाही. क्रेडिट कार्ड घरात एक पुरे, असं हे म्हणाले होते आणि मीही हो म्हटलं होतं. बरं, दुसरी चालक म्हणून माझं नाव घाला? घालता येईल, मुलगी म्हणाली, पण पहिल्या चालकाकडेही लायसन्स हवं. तिने बिचारीने तिच्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी कागद बघितले आणि तेच सगळं जास्त सावकाश सांगितलं.

"पुढच्या वेळी जी व्यक्ती चालवणार, तिच्याच नावाने बुक करा आणि तिच्याच नावाचं कार्ड आणा," आम्ही निघताना मुलगी म्हणाली. तिला खरंच वाईट वाटत होतं. हे "थँक यू" म्हणाले. मी नाही म्हटलं.

बाकीचे काउंटर फिरून आलो. कुठे हाच नियम, कुठे गाड्या संपलेल्या. ठकूच्या गावाला रविवारी एकच बस, ती आम्ही काउंटरवर हुज्जत घालत असताना सुटली. टॅक्सीवाल्यांपैकी एकाने गावाचं नाव ऐकून नुसती मान हलवली, दुसरा म्हणाला, उद्या. आमचं बिऱ्हाड एका बाकावर येऊन टेकलं. दोन बॅगा, एक पिशवी, आणि मधे हे. चेहरा असा, की आयुष्यभर ज्या गाड्या तपासल्या त्यातलीच एक झालेत.

"उद्याच्या बसने जाऊ," हे म्हणाले.

"उद्या कशाला? सुकलेले हार बघायला?"

"अगं, एक दिवसाने काय होतं?"

आता मात्र माझा तोल गेला. "काय होतं? आज पाच वाजता ती दाराकडे बघणार आहे. कुणाला सांगणार नाही, पण बघणार. माझी पोर आहे, मला माहीत आहे. तुम्ही दिसला नाहीत तर ती पुन्हा कधीच बघणार नाही. मग उद्या या नाहीतर वर्षाने या." मी माझा फोन काढला, तिचा नंबर लावला आणि ह्यांच्या हातात दिला. "बोला."

"तू बोल ना. तुझ्याशी बोलते ती."

"मी बोलले तर ती येईल. आईसाठी येईल. तुम्हाला ते हवंय का?"

पलीकडे घंटा वाजत होती. हे फोन कानापासून वीतभर लांब धरून बसले होते. तिने उचलला. मागे हातोड्याचा आवाज.

"आई, मी आत्ता खूप घाईत आहे गं."

"मी बोलतोय," हे म्हणाले.

हातोडा थांबला. मग ठकूचा आवाज आला, एकदम बारीक, लहानपणी ताप चढला की यायचा तसा. "बाबा? आईला काय झालं?"

बापाचा फोन म्हणजे वाईट बातमी, असंच तिने धरलं. ह्यांनाही ते कळलं. ह्यांचा चेहरा मी बघितला, आणि माझा सगळा राग ओसरला. मला रडूच आलं.

"काही नाही झालं. ती बरी आहे. इथेच उभी आहे, भांडतेय."

"इथे म्हणजे?"

"तुमच्या विमानतळावर."

हे बोलायला लागले, ते नेहमीसारखे कलमावर आले, मुख्य चालकाच्या नावाचं कार्ड असणं कसं बंधनकारक आहे वगैरे. अर्ध्यात थांबले.

"ठकू, तुझ्याकडे यायला गाडी बुक केली होती. ती मी माझ्या नावावर केली. मला गाडी चालवता येत नाही. आम्ही इथे अडकलोय. तू न्यायला येतेस का?"

इतकी वर्षं संसार झाला, ह्या माणसाने कुणाला 'येतेस का' असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. सांगायचे, सुचवायचे, कळवायचे. विचारायचे नाहीत.

"तिथेच थांबा," ठकू म्हणाली. "हलू नका." आणि फोन बंद.

"रागावली का?" ह्यांनी विचारलं.

"असेल. आज तिचं कार्य आहे आणि वऱ्हाड विमानतळावर अडकलंय."

"येईल ना पण?"

हे उठले, स्वच्छतागृहात गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले. तोंड धुतलेलं, उरलेले चार केस पाण्याने चापून बसवलेले, शर्टाची कॉलर सारखी केलेली. मुलगी बघायला आलेल्या नवऱ्या मुलासारखे ताठ बसून दाराकडे बघत राहिले. मी पिशवीतून बिस्किटं काढून दिली, ती तशीच हातात धरून ठेवली.

ठकू आली ती कारखान्याच्या व्हॅनमधून. कपडे कामाचेच, कानामागे पेन्सिल, भुवयांवर लाकडाचा भुसा. धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. मग ह्यांच्यासमोर उभी राहिली. हे बॅगेची कडी धरून उभे.

"तुम्ही बघू म्हणाला होतात," ती म्हणाली.

"म्हणालो होतो."

"मला वाटलं होतं, येणार नाही."

"मलाही आधी तसंच वाटलं होतं," हे म्हणाले. "मग राहवलं नाही."

ठकूने ह्यांच्या हातातली बॅग घेतली. "चला, उशीर होतोय. सगळं अर्धवट टाकून आलेय."

व्हॅनला पुढेच तीन सीटं होती, मागे सगळा फळ्यांचा आणि हत्यारांचा पसारा. मी सांगून टाकलं की मधे मी बसणार नाही, माझे गुडघे दुखतात. माझे गुडघे लोखंडाचे आहेत. हे निमूट मधे चढले, लेकीच्या खांद्याला खांदा लावून. धरायला कडी नव्हती, म्हणून हात मांडीवर ठेवले. ठकूने गाडी रस्त्याला लावली आणि मी बघतच राहिले. काय सुरेख चालवते पोरगी! मी ताट फिरवून शिकले होते, ती मात्र त्या उलट्या रस्त्यावरून पाणी वाहावं तशी जात होती.

विमानतळ मागे पडला. मी ह्यांना कोपराने ढोसलं. हे समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "ठकू, त्या दिवशी फोनवर मी बोललो, ते चुकलं. लोकांना काय सांगायचं ही माझी अडचण होती. ती मी तुझ्या अंगावर टाकली. तुला त्रास झाला."

"झाला," ठकू म्हणाली. तिने नजर रस्त्यावरून हलवली नाही. "खूप झाला बाबा. मी आईशी बोलायचे तेव्हा मागून पाण्याचा आवाज यायचा. मला वाटायचं, आता येतील, आता फोन घेतील."

"मी दाराशीच असायचो. शेवटी शेवटी तर झारीत पाणीसुद्धा नसायचं."

ठकू रडता रडता हसली. मी खिडकीबाहेर बघायला लागले, कारण माझंही तेच चाललं होतं आणि रुमाल पिशवीत होता.

मग ह्यांनी विचारलं, लाकूड कुठून आणतेस? बस्स. ठकू जी सुटली ती सुटली. कुठलं झाड पावसाळी हवेत फुगतं, कुठलं नाही. खिळा न मारता सांधा कसा बसवायचा. पहिली खुर्ची केली ती कशी तिसऱ्या पायावर डगमगत होती आणि तिच्या गुरूबाई पोट धरधरून कशा हसल्या. हे मधे मधे विचारत होते. आग विझवायची सोय केलीस का? केली. किती ठिकाणी? दोन. भुसा रोजच्या रोज काढतेस ना? बाबा, काढते. वायरिंग जुनं नाही ना? बाबा! मला त्या आवाजातली चिडचिड ऐकून किती बरं वाटलं म्हणून सांगू. बापावर चिडायचं तिचं वर्षभर राहून गेलं होतं.

ती एका मोठ्या टेबलाबद्दल सांगत होती. सांगता सांगता तिने विचारलं, "कळलं का बाबा?" उत्तर आलं नाही. तिने पुन्हा विचारलं. मी वळून बघितलं.

हे झोपले होते. तोंड किंचित उघडं, डोकं लेकीच्या खांद्यावर.

मी श्वास रोखून धरला. हा माणूस चालत्या गाडीत कधी झोपत नाही. लग्नानंतर आम्ही रात्रभर प्रवास करून देवदर्शनाला गेलो, तेव्हाही हे टक्क जागे. ठकूच्या जन्माच्या वेळी मला दवाखान्यात नेलं, परत आणलं, हे चार रात्रींचे जागे, तरी गाडीत डोळा मिटला नाही. माझ्या शेजारी बसून तर कधीच नाही, आणि मी काय वाईट चालवते? "गाडीत झोपलेल्या माणसाला काय होतं ते मी बघितलंय," म्हणायचे. आता मात्र पाय सैल सोडून, हात मांडीवरून घसरलेले, घोरत होते.

"आई," ठकू कुजबुजली, "बाबा झोपले?"

"हो गं."

"गाडीत?"

"तुझ्या गाडीत."

तिने वेग थोडा कमी केला. मागून एक गाडी चिकटून आली, तिला हाताने पुढे जायची खूण केली. वळणं ती अशी घ्यायला लागली, जणू मागे काचेचं सामान भरलंय. ह्यांचं डोकं टेकलेला उजवा खांदा तिने डाव्याहून इंचभर खाली केला. गावाच्या पाटीपाशी पाच वाजून गेले होते. मी घड्याळ बघितलं, तिने मुद्दाम बघितलं नाही.

कारखाना म्हणजे एक लांबट जुनी शेड, दारं निळी रंगवलेली. बाहेर बरीच माणसं जमली होती, हातात पेले घेऊन. पांढऱ्या केसांच्या एक बाई दारातच उभ्या होत्या, त्याच गुरूबाई असणार. व्हॅन बघून सगळ्यांनी हात वर केले. कुणी शिट्टी वाजवली. ठकूने शेडच्या जरा अलीकडेच गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

मला वाटलं, आता हे उठतील. उठले नाहीत. गुरूबाई दोन पावलं पुढे आल्या आणि मनगटावर बोट ठेवून विचारलं, काय झालं? ठकूने काचेच्या आतून तळहात दाखवला. मग ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनी खांद्याकडे खूण केली. बाई थांबल्या. त्यांनी बघितलं, आणि मागे वळून सगळ्या माणसांना हाताने खाली खाली करत गप्प बसवलं.

"उठवू का गं त्यांना?" मी हळूच विचारलं. "तुझी माणसं खोळंबलीयत."

"राहू दे आई," ठकू म्हणाली. "थांबतील ती थोडा वेळ."